शितावरून भाताची परीक्षा चालत नाही तेव्हा

शितावरून भाताची परीक्षा करता येते ती एकाच कारणाने. पातेल्यातलं प्रत्येक शीत त्याच पाण्यात, त्याच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेलं असतं. एक चिमटीत दाबून पाहिलं की बाकीच्यांचं कळतं. पेशीच्या पोटात ही सोय नाही. यकृताच्या एका पेशीत हजार-दोन हजार तंतुकणिका असतात. शाळेच्या पुस्तकात जिला पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हटलेलं असतं आणि इंग्रजी माध्यमातली मुलं जिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, तीच ही. त्यांतली एक ठणठणीत असते, शेजारची थकलेली, आणखी एखादी मोडीत निघण्याच्या बेतात. एक उचलून बाकीच्यांबद्दल बोलायला जावं तर फसगत ठरलेली.

जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत यावर जुना तोडगा आहे: सगळा भात वाटायचा, पेज करायची आणि पेज मोजायची. लाखो पेशी फोडून त्यांतल्या तंतुकणिका गोळा करायच्या आणि अमुक प्रथिन किती, तमुक विकराचं काम किती, ते काढायचं. येणारा आकडा खरा असतो, पण तो सरासरीचा असतो.

सरासरी कुठे दगा देते ते एका उदाहरणात दिसतं. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो. माणसात ते १६,५६९ जोड्यांचं छोटंसं वर्तुळ आहे आणि एकेका तंतुकणिकेत त्याच्या काही प्रती असतात. समजा, एका पेशीतल्या निम्म्या प्रती बिघडलेल्या आहेत. पहिली शक्यता अशी की प्रत्येक तंतुकणिकेत निम्म्या प्रती बऱ्या आणि निम्म्या वाईट आहेत. मग बऱ्या प्रती सांभाळून घेतात, काम चालून जातं. दुसरी शक्यता अशी की निम्म्या तंतुकणिका पूर्ण धडधाकट आणि निम्म्या पूर्ण निकामी आहेत. पेजेत दोन्हीचं उत्तर पन्नास टक्केच. पेशीच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत, आणि आजार कसा वाढेल हे त्यावर ठरू शकतं.

तेव्हा शितं एकेक करून मोजायला हवीत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एडगर अरियागा यांच्या गटाने २००० नंतरच्या दशकात हेच काम लावून धरलं. एकेका तंतुकणिकेला विजेच्या ओढीने केसाएवढ्या नळीतून पळवायचं आणि दुसऱ्या टोकाला लेझरच्या उजेडात पकडायचं, अशी ही पद्धत. ऐकायला दोन वाक्यांची. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक पायरीवर काहीतरी बिनसायची सोय आहे, म्हणून पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी पेशी फोडण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड हीच. पेशीचं बाहेरचं पटल फाटायला हवं, पण आतल्या अंगकांची, म्हणजे तंतुकणिकेसारख्या पेशीच्या छोट्या अवयवांची, पटलं शाबूत राहायला हवीत. फणस फोडायचा आणि गरे चिरडायचे नाहीत, असा प्रकार. यासाठी काचेचा एक खलबत्ता वापरतात: गुळगुळीत नळी, तिच्यात जेमतेम मावणारा बत्ता, दोन्हींमध्ये केसभर फट. बत्ता वरखाली केला की पेशी त्या फटीतून ओढल्या जातात आणि फाटतात. किती वेळा वरखाली करायचं हे प्रत्येक प्रकारच्या पेशीसाठी वेगळं असतं. दहा वेळा केलं तर निम्म्या पेशी तशाच राहतात, चाळीस वेळा केलं तर तंतुकणिकाही गेल्या. मधला आकडा हाताला सवयीने सापडतो. सगळं बर्फात चालतं, कारण पेशी फुटली की तिच्यातली पाचक विकरं मोकळी होतात आणि शेजाऱ्यांना खायला लागतात. थंडीत त्यांची भूक मंदावते.

साध्या पाण्यात हे केलं तर अंगकं पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. म्हणून पाण्यात साखर घालतात, अगदी आपली ऊसाची साखर, फक्त शुद्ध. प्रमाण २५० मिलिमोलर, म्हणजे लिटरला साधारण ८५ ग्रॅम. छोट्या कपात दोन चमचे साखर घातलेल्या चहाची गोडी धरा. बरोबर थोडं हेपेस नावाचं बफर घालून आम्लता ७.४ वर, म्हणजे रक्ताच्या आसपास ठेवतात.

या साखरेच्या पाण्यामागे एक गोष्ट आहे. डिसेंबर १९४९ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हाँ इथे क्रिस्तियाँ द डुव्ह उंदराच्या यकृतातल्या विकरांवर काम करत होते. ॲसिड फॉस्फटेज नावाचं एक विकर ते केवळ तुलनेसाठी मोजत होते. साखरेच्या पाण्यात हळुवार फोडलेल्या नमुन्यात ते अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश भरलं. काहीतरी चुकलं असं समजून त्यांनी नळ्या फ्रीजमध्ये टाकल्या. पाच दिवसांनी पुन्हा मोजलं तर आकडा भरपूर वाढलेला! विकर नाहीसं झालंच नव्हतं. ते एका पिशवीत बंद होतं आणि पिशव्या फ्रीजमध्ये हळूहळू फुटल्या होत्या. १९५५ मध्ये त्या पिशवीला लायसोसोम हे नाव मिळालं. आपल्या पाठ्यपुस्तकांतली लयकारिका ती हीच. १९७४ चं नोबेल द डुव्ह यांना आल्बेअर क्लोद आणि जॉर्ज पलाडी यांच्याबरोबर मिळालं. पेशीचा एक अख्खा अवयव सापडला तो शाबूत पिशवी आणि फुटकी पिशवी यांतल्या फरकामुळे, आणि आजही एकेक अंगक मोजणाऱ्याच्या छातीत धडकी भरते ती त्याच फरकाने.

फोडून झालं की सेंट्रिफ्यूज. हजार-एक पट गुरुत्वाला केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी तळाशी बसतात, दहा हजार पटीच्या आसपास तंतुकणिका, लाख पटीला बारीकसारीक पटलांचे तुकडे. पद्धत भक्कम आहे, पण ती आकारमान आणि घनता यांच्याच भाषेत बोलते. तंतुकणिकांबरोबर लयकारिकाही येऊन बसतात, कारण दोघींची अंगकाठी जवळपास सारखी. त्यांना वेगळं करायचं तर दुसरा कुठला तरी गुण हवा. तो गुण म्हणजे अंगावरचा विद्युतभार.

इथे थोडं थांबून इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द महाराष्ट्रातल्या काही भागांत प्रयोगशाळेबाहेरही ओळखीचा आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेलची तपासणी होते. आधी साधी विद्राव्यता चाचणी, आणि ती सकारात्मक आली की हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्ल या ऋणभारित दुव्याच्या जागी व्हॅलिन हा बिनभाराचा दुवा आलेला असतो. भार तेवढाच कमी. विजेच्या धन टोकाकडे धावताना हे हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या मागे पडतं आणि पट्टीवर दोन वेगळ्या रेघा दिसतात. वाहकाच्या दोन्ही रेघा दिसतात, रुग्णाची नेहमीची रेघ गायब. तत्त्व एवढंच: द्रवात वीज लावली की भार असलेली वस्तू विरुद्ध भाराच्या टोकाकडे सरकते आणि ज्याचा भार जास्त, अडथळा कमी, तो पुढे. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये रक्तद्रवातली प्रथिनं अशी वेगळी करून दाखवली. १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अंगक हे प्रथिनाच्या रेणूपेक्षा प्रचंड मोठं, तरी त्याच्या पटलावर ऋणभारित मेदरेणू आणि प्रथिनं असतातच. त्यामुळे तेही धन टोकाकडे निघतं. एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाकू. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर दीडशे-पावणेदोनशे मिलिव्होल्टचा दाब असतो, तिचं सगळं ऊर्जेचं काम त्यावर चालतं, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. मग तोच दाब तिला पळवत असेल असं वाटतं. पण तो दाब आतल्या खोलीत कोंडलेला आहे. बाहेरच्या विजेला दिसतो तो अंगकाचा बाहेरचा पृष्ठभाग, आणि त्याला वेढून बसलेला आयनांचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. या थराच्या मानाने अंगक इतकं मोठं असतं की वेग आकारावर फारसा अवलंबून राहत नाही, पृष्ठभागाच्या भारावर राहतो. सेंट्रिफ्यूजला न दिसणारा गुण तो हाच.

म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेतल्या कुर्ट हानिग यांच्या गटाने १९७० च्या सुमाराला दोन काचांमधून वाहणाऱ्या पातळ पाण्याच्या पडद्यावर आडवी वीज लावून उंदराच्या यकृतातल्या लयकारिका बाकीच्यांपासून वेगळ्या काढल्या होत्या. म्हणजे अंगकं विजेने वेगळी होतात हे ठाऊक होतं. मात्र तिथेही मिळायचा तो गठ्ठा. एकेक मोजण्यासाठी दोन गोष्टी यायच्या होत्या: केशनलिका आणि लेझर.

केशनलिका हातात घेतली तर माशाच्या गळाचा तंगूस वाटतो. शुद्ध सिलिकाची काच, वरून तपकिरी प्लास्टिकचा लेप, त्यामुळे ती बोटाभोवती गुंडाळली तरी मोडत नाही. आतलं भोक ५० मायक्रॉन, आपल्या केसाहून बारीक. अशी ४० सेंटिमीटर नळी पूर्ण भरायला एक मायक्रोलिटर पाणीही लागत नाही, पाऊण मायक्रोलिटर पुरतं. इतकी बारीक नळी कशाला? विजेने पाणी तापतं. रुंद नळीत मध्यभाग गरम आणि कडा थंड राहतात, द्रव आतल्या आत घुसळतो आणि वेगळं झालेलं पुन्हा एकत्र येतं. बारीक नळीत उष्णता भिंतीतून चटकन निघून जाते. १९८१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जेम्स जॉर्गेनसन आणि क्रिन लुकाक्स यांनी ७५ मायक्रॉनच्या नळीवर ३० हजार व्होल्टपर्यंत दाब लावून हे दाखवलं आणि एक नवं शास्त्रच उभं राहिलं.

काचेची मात्र एक खोड आहे. पाण्यात तिच्या आतल्या भिंतीवर ऋणभार येतो. भिंतीला चिकटून धन आयनांचा थर जमतो, वीज लावली की तो थर ऋण टोकाकडे सरकतो आणि नळीतलं अख्खं पाणी ओढून नेतो. आपली तंतुकणिका उलट्या दिशेला पोहत असते, म्हणजे प्रवाहाविरुद्ध. त्यातून तिच्या अंगावरची प्रथिनं काचेला चिकटतात आणि ती मध्येच मुक्काम करते. म्हणून नळीच्या आतून बहुवारिकाचा एक पाणीदार लेप देतात. भिंत झाकली गेली की प्रवाहही थांबतो आणि चिकटणंही बरंच कमी होतं. बरंच, पूर्ण नाही. लेप काही दिवसांत झिजतो आणि नळी बदलावी लागते.

आता नळीचं एक टोक अंगकांच्या द्रवात बुडवून काही नॅनोलिटर आत ओढायचे. एका थेंबात असे सुमारे ५० हजार नॅनोलिटर असतात, म्हणजे थेंबाचाही थेंब. मग ते टोक स्वच्छ बफरमध्ये ठेवून सेंटिमीटरला २०० व्होल्ट लावायचे. ४० सेंटिमीटरला झाले ८ हजार व्होल्ट. ऐकून दचकायला होतं, पण नळीतून वाहणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो. यंत्राची पेटी मात्र अशी असते की दार उघडलं की वीज तुटावी, कारण उगमाला हात लावणाऱ्याला नळी वाचवायला येत नाही.

हिशेब करून पाहू. अरियागांच्या गटाने मोजलेल्या तंतुकणिकांची चाल सेंटिमीटरला एक व्होल्ट दाबाखाली सेकंदाला ढोबळमानाने ०.०००१ ते ०.०००४ सेंटिमीटर यांच्या दरम्यान पडते. मधली ०.०००२ घेतली, २०० ने गुणलं, की सेकंदाला ०.०४ सेंटिमीटर. ४० सेंटिमीटर कापायला हजार सेकंद, म्हणजे १७ मिनिटं. सगळ्यात चपळ तंतुकणिका साडेआठ मिनिटांत पोहोचते, सगळ्यात सुस्त अर्ध्या तासाच्या पुढे. एकाच पेशीप्रकारातल्या, एकाच वेळी काढलेल्या तंतुकणिकांमध्ये चौपट फरक! २००२ मध्ये हे मोजमाप प्रसिद्ध झालं तेव्हा त्यातली मोलाची गोष्ट मला हीच वाटली. सगळ्या एका पट्ट्यात येत नाहीत, लांबलचक वरातीसारख्या येत राहतात.

प्रथिनाचे रेणू पळताना पसरतात आणि नळीच्या टोकाशी त्यांचा गुळगुळीत डोंगर दिसतो. अंगकाचं तसं होत नाही. ते एकच आहे, पसरणार कुठे? एक मायक्रॉनचा कण पाण्यात आपसूक भटकतो तोही हजार सेकंदांत मिलिमीटरचा काही शतांश भाग. त्यामुळे प्रत्येक अंगक टोकाशी आलं की पडद्यावर टाचणीसारखी उभी रेघ उमटते. एका धावेत शेकडो टाचण्या. डोंगर म्हणजे सरासरी आणि टाचणी म्हणजे एक शीत, असं म्हटलं तरी चालेल.

ही टाचणी दिसते कशी, ते सांगायला हळदीपासून सुरुवात करावी लागेल. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या, आणि अंधारात त्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा धरा. पिवळा द्रव हिरवट उजेडाने पेटल्यासारखा दिसतो. हळदीतलं कर्क्युमिन अतिनील किरण शोषतं आणि त्याहून कमी ऊर्जेचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकाश परत देतं. पुस्तकी मराठीत याला अनुस्फुरण म्हणतात, बोलताना सगळे फ्लुरोसन्सच म्हणतात. घालायचा प्रकाश एका रंगाचा आणि निघणारा दुसऱ्या, म्हणून मधे गाळणी लावून घातलेला अडवता येतो आणि निघालेला तेवढा मोजता येतो. काळ्या पाटीवर खडूचा एक ठिपका दिसावा तशी अवस्था.

अंगकाला स्वतःची अशी चमक जवळजवळ नसते, म्हणून रंग लावावा लागतो. तंतुकणिकांसाठी मायटोट्रॅकर नावाचे रंग बाजारात मिळतात. आतल्या पटलावरच्या त्या विद्युतदाबामुळे धनभारित रंग आत खेचला जातो आणि साठतो. दुसरा एक रंग, नोनिल ॲक्रिडीन ऑरेंज, कार्डिओलिपिन या मेदरेणूला धरतो. हा मेद प्राण्यांच्या पेशीत तंतुकणिकेच्या आतल्या पटलातच भरपूर असतो, म्हणून चांगली खूण. कार्डिओलिपिन पहिल्यांदा १९४२ मध्ये मेरी पँगबोर्न यांनी गुरांच्या हृदयातून वेगळं काढलं आणि सिफिलिससाठी होणाऱ्या व्हीडीआरएल चाचणीत आजही तेच वापरतात. गरोदरपणी रक्त दिलेल्या कित्येक बायकांच्या रिपोर्टवर हा मेदरेणू न बोलता हजर असतो. हा रंग केवळ कार्डिओलिपिनलाच चिकटतो की विद्युतदाबानेही ओढला जातो, यावर अभ्यासकांत वाद आहे. तेव्हा त्याच्या आकड्यांकडे जरा जपूनच पाहावं.

काही वेळा रंग लावायची गरजच नसते. केमोथेरपीच्या वॉर्डात लालभडक रंगाचं एक औषध देतात, डॉक्सोरुबिसिन. ते मूळचंच फ्लुरोसंट आहे. निळ्या लेझरने ते नारिंगी-तांबडं उजळतं. त्यामुळे औषध पेशीत शिरल्यावर कुठल्या अंगकात किती जाऊन बसलं हे एकेक अंगक मोजून पाहता येतं. प्रश्न जीवनमरणाचा आहे. औषधाला काम करायचं ते केंद्रकातल्या डीएनएवर. पण ते किंचित अल्कधर्मी आहे, लयकारिकेच्या आम्लात गेलं की तिथेच अडकतं. औषधाला दाद न देणाऱ्या काही कर्करोगपेशी ते असं कोठडीत टाकून स्वतः वाचतात. दुसऱ्या बाजूने हेच औषध हृदयाला इजा करतं, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे, आणि त्या इजेत हृदयातल्या तंतुकणिकांचा वाटा असल्याचं मानतात. पेशीत एकूण औषध किती, या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही. कुठल्या पिशवीत किती, ते विचारावं लागतं. अरियागांच्या गटाने ते विचारलं.

लेझरपाशी परत येऊ. नळीच्या आतच उजेड टाकला तर काचेच्या गोल भिंतीवरून तो सगळीकडे विखुरतो. रात्री गाडीच्या ओरखडलेल्या काचेवर समोरचे दिवे पडले की काच पांढरी होते आणि रस्ता दिसेनासा होतो, तसं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात नॉर्मन डोव्हिची यांनी यावर काढलेली युक्ती फार सुंदर आहे. नळीचं टोक एका चौकोनी, सपाट भिंतींच्या पारदर्शक कुपीत सोडायचं. टोकाभोवती तेच बफर संथ वाहत ठेवायचं. नळीतून आलेला द्रव त्या प्रवाहाच्या पोटात बारीक धागा होऊन खाली उतरतो, आणि लेझर त्या धाग्याला टोकाच्या किंचित खाली छेदतो. आता भोवती काच नाही, पाणीच पाणी. विखुरलेला उजेड एकदम कमी. लेझरच्या काटकोनात सूक्ष्मदर्शकाचं भिंग, मग गाळणी, मग बारीक छिद्र, मग एकेक प्रकाशकण टिपणारी फोटोमल्टिप्लायर नळी. मानवी जनुकसंचाचा मसुदा वाचणाऱ्या ९६ केशनलिकांच्या यंत्रांतही आवरण-प्रवाहाची हीच कल्पना होती. या पद्धतीने झेप्टोमोलांपर्यंत, म्हणजे शेकडो-हजारो रेणूंपर्यंत मोजता येतं. एक झेप्टोमोल म्हणजे ६०२ रेणू.

पडद्यावर उमटलेल्या एका टाचणीतून दोन गोष्टी वाचायच्या. ती कितव्या सेकंदाला आली, त्यावरून चाल, म्हणजे पृष्ठभागाचा भार. ती किती उंच, त्यावरून तिच्यातला रंग. उंचीचं रेणूंमध्ये रूपांतर करायला फ्लुरोसिनसारख्या रंगाचं ठाऊक प्रमाणाचं द्रावण आधी पळवून घेतात, आणि यंत्र दिवसभर एकसारखं पाहतंय ना हे तपासायला चमकणारे प्लास्टिकचे मणी. मणी सगळे सारखे, म्हणून त्यांच्या टाचण्यांची उंचीही सारखी यायला हवी. आली नाही तर लेझर हललाय.

आणि टाचणी म्हणजे एकच अंगक, हे कशावरून? इथे जत्रेतल्या फिरत्या दाराचा हिशेब लागतो. समजा १० मिनिटांत ६०० अंगकं आली, म्हणजे सरासरी सेकंदाला एक, आणि प्रत्येक टाचणी सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी रुंद आहे. ती काही रांग लावून येत नाहीत, मनाला येईल तेव्हा येतात. अशा यदृच्छेत एकीच्या पाठोपाठ दुसरी त्याच दहाव्या भागात घुसण्याची शक्यता साधारण साडेनऊ टक्के निघते. दहातल्या एका टाचणीत दोघी असू शकतात. नमुना निम्म्याने पातळ केला की हे प्रमाण पाच टक्क्यांवर येतं, पण मोजणीही निम्मी होते. पातळ करावं तितका विश्वास वाढतो आणि आकडे घटतात. अरियागांनी जो डेव्हिस यांच्याबरोबर या गर्दीच्या गणितावर स्वतंत्र काम केलं आहे.

संख्याशास्त्राने न सुटणारी अडचण निराळी आहे. नळीत शिरण्याआधीच दोन अंगकं एकमेकांना चिकटलेली असली, किंवा एखाद्याच्या अंगावर पेशीच्या सांगाड्याचे धागे लोंबत असले, तर यंत्राला ती एकच वस्तू दिसते. ट्रिप्सिनसारख्या विकराने ते धागे कातरले तर चाल बदलते. मग खरी चाल कुठली, आधीची की नंतरची?

याहून मुळावर घाव घालणारा प्रश्न असा की एक तंतुकणिका म्हणजे नेमकं काय. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ती घेवड्याच्या दाण्यासारखी सुटी असते. जिवंत पेशीत बहुतेकदा ती लांब, फांद्या फुटलेली, एकमेकींत मिसळणारी आणि पुन्हा तुटणारी जाळी असते. खलबत्त्यात जाळी फाटते, तुकड्यांची तोंडं मिटतात आणि त्या तुकड्यांना आपण एकेक तंतुकणिका म्हणतो. म्हणजे शितं मोजतो म्हणताना काही अंशी आपणच भात कुस्करून शितं केलेली असतात. काही अभ्यासक यावरून पद्धतच मोडीत काढतात. मला ते पटत नाही. तुकडा तुकड्यासारखा नाही, एकात रंग भरपूर आणि दुसऱ्यात नाही, ही माहिती जाळी फाटली म्हणून खोटी ठरत नाही. ती फक्त तुकड्यांबद्दलची माहिती आहे, इतकं लक्षात ठेवून वाचावी.

हा आक्षेप थोडा बोथट करणारा एक मार्ग त्याच गटाने २००४ मध्ये दाखवला. खलबत्ता बाजूला ठेवून स्नायूच्या गोठवलेल्या पातळ कापावर केशनलिकेचं टोक टेकवायचं आणि तिथल्या तिथे तंतुकणिका आत ओढून घ्यायच्या. स्नायूत वेगवेगळ्या जातींचे तंतू शेजारी शेजारी असतात आणि म्हातारपणी ते सारखे झिजत नाहीत. तेव्हा नमुना कुठल्या तंतूतून घेतला हे ठाऊक असण्याला किंमत आहे.

मग ही पद्धत दवाखान्यात का दिसत नाही? कारण फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र सेकंदाला हजारो कण पाहतं, आणि इथे तेवढे मोजायला कित्येक तास जावेत. सायटोमीटर अंगकाचा भार मात्र सांगत नाही, त्यासाठी अजून नळीच लागते. शिवाय नळीला लेप देणारा, लेझर जुळवणारा आणि बर्फात खलबत्ता फिरवणारा माणूस लागतो, तोही बहुधा एकच, आणि तो पीएचडीचा विद्यार्थी असतो. संशोधनाचं हे साधन आहे आणि बराच काळ तसंच राहील, असा माझा अंदाज.

मोजून झालेली तंतुकणिका पुन्हा हाती येत नाही. लेझरसमोरून एकदा चमकून गेली की ती आवरणाच्या पाण्यात मिसळते आणि टेबलाखालच्या सांडपाण्याच्या बाटलीत जाते.